दम टिकला तो हिवाळा

काल सकाळी प्रार्थनेला मुलं रांगेत उभी राहिली आणि पहिल्याच ओळीला सगळ्या मैदानावर वाफ पसरली. पाचवीपासून दहावीपर्यंतची तोंडं एकदम उघडली आणि प्रत्येक तोंडातून पांढरा धूर. पुढच्या रांगेतल्या दोघी मुद्दाम मोठा श्वास सोडून कुणाचा ढग मोठा होतो ते बघत होत्या. मी त्यांच्यावर डोळे वटारायला हवे होते. त्याऐवजी मीही माझा एक ढग सोडून पाहिला. बरा मोठा निघाला.

थंडी पडली की माझं असं होतं. अंगात काहीतरी उड्या मारायला लागतं. पिंपळवंडीहून फाट्यापर्यंत स्कूटी आणि तिथून जुन्नरची एसटी, असा माझा रोजचा रस्ता. स्कूटीवर कानाला रुमाल घट्ट बांधलेला, बोटं आखडलेली. दोन्ही बाजूंना कांद्याच्या लागणी चाललेल्या. वाफ्यांत वाकलेल्या बायका एका ओळीत मागे मागे सरकत असतात आणि त्यांच्या पुढे ओल्या मातीत हिरवी रोपं उभी राहत जातात. येडगावच्या धरणाकडून धुकं येतं ते उसाच्या शेंड्यांवर अडकून बसतं. कुठल्यातरी गुऱ्हाळाचा वास मध्येच येऊन जातो, आणि पुढच्या वळणावर हरभऱ्याची आंबट ओल नाकात शिरते. हे सगळं दरवर्षीचंच. पण त्या वासाबरोबर मला दरवर्षी एकच हिवाळा आठवतो आणि मी एसटीच्या खिडकीशी बसून आपली आपणच हसत राहते.

त्या वर्षी श्रावणात मला न्यूमोनिया झाला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी लावून मी दवाखान्यातल्या खिडकीकडे बघत पडले होते, आणि बाहेर पावसात उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला जांभई आली तेव्हा मला त्याचा हेवा वाटला होता. केवढा श्वास घेतला त्याने, आणि किती सहज. घरी आले, बरी झाले, दसऱ्यानंतर शाळेतही जायला लागले. पण बरं होणं अर्ध्यावरच थांबलं होतं. वर्गात कविता म्हणताना ओळ मध्येच तुटायची. जिन्याच्या वळणावर मी भिंतीवरचे तक्ते वाचत असल्यासारखं करून उभी राहायचे. सदतीस-अडतिसाव्या वर्षी आपलं एक दार कायमचं अर्धं बंद झालं, असं मनाशी धरून मी चालले होते. कुणाला बोलले नव्हते.

संक्रांतीच्या आधी आमच्या बचत गटाची बैठक मंगलच्या गिरणीत झाली. मंगल म्हणजे आमच्या आळीतली पिठाची गिरणी चालवणारी बाई. ज्वारीचं पोतं एकटी उचलून हॉपरमध्ये ओतणारी. पट्टा बंद केला तरी तिच्या भुवयांवर पीठ असायचंच. यंदा हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं, यावर चर्चा चालली होती. स्टीलची वाटी, प्लास्टिकचा डबा, चाळणी.

मंगल म्हणाली, "घराघरात चाळण्या झाल्यात गं. त्यापरीस यंदा कबड्डी खेळू."

सगळ्या हसल्या. मग एकेक बोलायला लागली. कुणी शाळेत तालुक्याला खेळलेली, कुणी जिल्ह्याला. सगळ्यांची कबड्डी लग्नाच्या आधीच्या मार्च महिन्यात संपलेली. मी म्हणाले की मी घोडेगावच्या शाळेतून चढाई करायचे. हे वाक्य तोंडातून गेलं आणि पस्तावले, कारण सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

माघातल्या यात्रेत सामना ठेवायचा असं ठरलं. यात्रा कमिटीचे नाना म्हणजे गावातला शेवटचा शब्द. आम्ही चौघीजणी त्यांच्या ओट्यावर गेलो. नानांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"कुस्त्यांच्या आधी एक तास देतो," ते म्हणाले. "पण समोर संघ तुमी आणायचा. आन् पंचक्रोशी येती यात्रंला. हसं व्हता कामा नाय. हसं झालं तर पुढल्या साली इचारायला येऊ नका."

परत येताना मंगल म्हणाली, "हो म्हनलेत. बाकीचं कानात घेऊ नको."

सराव गावातल्या शाळेच्या मागच्या मैदानात, दुपारी मी जुन्नरहून परतल्यावर. संध्याकाळी नको, कारण ऊसतोड सुरू झाली होती आणि उसातला बिबट्या कुठं सरकेल त्याचा नेम नव्हता. दिवस कलायच्या आत सगळ्या घरात, हा आमच्याकडचा नियमच. फक्कीने रेषा आखल्या. पहिली चढाई मी करायची. मधली रेषा ओलांडली, तोंडाने "कबड्डी कबड्डी" चालू केलं, आणि पहिल्या चार पावलांत मला कळलं की काहीच राहिलेलं नाही. निदान रेषेपर्यंत, म्हणजे चढाईत ओलांडावीच लागते त्या रेषेपर्यंत, पोचते न पोचते तोच आवाज फाटला. मांड्या दगडाच्या झाल्या. डोळ्यांपुढे काळे ठिपके. मी वळले आणि मध्येच तोंड उघडून उभी राहिले.

"दम सुटला," कुणीतरी म्हणालं. साधा निकाल होता तो, पण मला दवाखान्याची खिडकी आठवली. मी मैदानाच्या कडेला जाऊन शेवग्याच्या झाडाकडे तोंड करून खोकत बसले.

ते बघितलं पल्लवीने. पल्लवी माझी धाकटी नणंद. पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंना व्यायाम शिकवते, आणि शनिवार-रविवारी घरी येते. ती माझ्याजवळ येऊन बसली, पाठीवर हात ठेवला आणि माझा खोकला थांबेपर्यंत पाठ चोळत राहिली.

"वहिनी, किती दिवसांपासून हे?"

"श्रावणापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

दुसऱ्याच दिवशी तिने मला माझ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, फोटो काढला. फुप्फुस साफ आहे, खेळायला हरकत नाही, फक्त हळूहळू वाढवा, असं ते म्हणाले. मला खरं तर त्यामुळे जास्तच भीती वाटली. दोष नाही म्हणजे इलाजही नाही, असं मला वाटलं.

पल्लवीचं म्हणणं वेगळं होतं. ओट्यावर उन्हाला बसून आम्ही मेथी निवडत होतो. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, बाजूलाच लसूण सोलत होत्या.

"फुप्फुस स्वतः हलत नाही, वहिनी," पल्लवी म्हणाली. "त्याला हलवणारे स्नायू आहेत. छातीच्या तळाला एक मोठा पडदा आहे, तो स्नायूच. बरगड्यांच्या मध्ये आहेत ते स्नायूच. तू आजारातून उठलीस, पायांना चालवलंस, हातांना कामाला लावलंस. ह्यांना कुणी कामाला लावलं?"

"ते तर रात्रंदिवस कामच करतात की."

"करतात, पण रोज तेवढंच. रोज अंगणात चालून कुणी पळायला तयार होतं का?"

मी विचारलं, दम मला लागतो, मग पाय का गळतात?

"श्वासाचे स्नायू फारच थकले की शरीर सावध होतं. श्वास बंद पडून चालायचं नाही. मग ते पायांच्या वाट्याचं रक्त थोडं कमी करतं. पाय लवकर जड होतात."

आत्यांनी मान वर केली. "म्हंजे आपल्या कालव्यावानीच की. वरच्यांनी मोटारी टाकल्या का शेवटच्या रानाला पानी पोचत न्हाई."

"तसंच, आई. वरच्या मोटारीला कमी ओढावं लागलं, तर खाली पोचतं."

पुढच्या शनिवारी तिने ते आणलं. मुठीएवढं निळं नळकांडं. एका बाजूला तोंडात धरायची रबरी नळी, आत स्प्रिंग, बुडाशी फिरवायची चकती. चकती जेवढी आवळावी तेवढा श्वास आत ओढायला जड. बाहेर सोडताना काही अडत नाही. जोर फक्त घेताना. सोबत नाकाला लावायचा चिमटा.

पल्लवी चकती बसवत म्हणाली, "एक सांगून ठेवते. ही जादू नाही. ह्याने फुप्फुस मोठं होत नाही. कुणाला बराच फरक पडतो, कुणाला थोडा. आणि मैदानावर जे करायचं ते करावंच लागतं. पण आजारपणाने हे स्नायू ढिले पडलेत, म्हणून तुला उपयोग होईल असं मला वाटतं."

पहिला श्वास मी ओढला आणि काहीच आत आलं नाही. जाड ताक बारीक नळीने ओढावं तसं वाटलं. दुसऱ्यांदा पोटापासून जोर लावला तेव्हा आत स्प्रिंग हलल्याचा बारीक आवाज झाला आणि हवा भसकन आत शिरली. मला एवढा आनंद झाला की मी लगेच तिसरा ओढला.

आत्या दारात उभ्या होत्या. नाकाला चिमटा लावलेली, गाल आत गेलेले, डोळे बाहेर आलेले, अशी सून त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असणार.

"पिपाणी हाये का ही?"

मी चिमटा काढला. "नाही आत्या. ही वाजत नाही, ओढायची."

"वाजत न्हाई तर तोंडात कशाला धरायची," असं म्हणून त्या गोठ्याकडे गेल्या.

सकाळी चहाच्या आधी एकदा आणि शाळेतून आल्यावर एकदा, असा नेम सुरू झाला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरगड्यांच्या खाली दुखायला लागलं. कांदा लागणीच्या पहिल्या दिवसानंतर मांड्यांच्या मागे दुखतं ना, अगदी तसं गोड दुखणं. माझ्या शरीरात तिथेही कष्टकरी माणसं राहतात याचा मला पत्ताच नव्हता. शिंकले तरी ती ओरडायची आणि मला हसू यायचं.

ह्याच दिवसांत एसटीत एक आवाज ऐकला. "पुढं सरका, पुढं सरका, मागं शाळेची पोरं लोंबकळत्यात." आवाज गाडीच्या छपराला जाऊन आपटत होता. तिकिटासाठी हात पुढे केला, वर पाहिलं, आणि कंडक्टरने माझ्याकडे टक लावून बघितलं.

"सुजे?"

ती रेखा होती. घोडेगावच्या शाळेतली माझी सोबतीण. मी चढाईला आणि ती डाव्या कोपऱ्यात, अशी आमची सगळी शाळा गेली. बारावीनंतर मी पुण्याला बी.ए.ला गेले, ती एसटीत भरती झाली, आणि मग आम्ही एकमेकींना गमावून बसलो. आता तिची ह्या रस्त्याला ड्यूटी लागली होती. जुन्नर येईपर्यंत ती तिकिटं फाडत होती आणि दर थांब्याला माझ्या सीटपाशी येऊन एक एक वाक्य बोलून जात होती. कबड्डीचं कळल्यावर तिने तिकिटांची पेटी पोटाशी धरली आणि शेजारच्या दांडीला टेकून उभी राहिली.

"समोर कोन हाये?"

"अजून कुणी नाही."

"मी आनते. घोडेगावात पोरी हायेत अजून. दोन-चार जनी येतील मंचरहून." ती खाली वाकली. "पन सांगून ठिवते सुजे, तू माझ्याच हातात घावनार. सरावाला रोज घावायचीस, आठवतंय का? तुझा आवाज बारीक झाला का मला कळायचं, आता ही वळनार. तवाच मी घोटा धरायचे."

मला आठवत होतं. चढाई करणाऱ्याचा आवाज म्हणजे त्याच्या दमाचं उघडं दार असतं. समोरचा शहाणा गडी हालचाल बघत नाही, ऐकतो. आणि रेखाइतकं कान देऊन मला कुणीच ऐकलेलं नव्हतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी चकती दोन वळणं जास्त आवळली. अधाशासारखी ओढत सुटले, आणि थोड्या वेळाने ओटा माझ्याभोवती फिरायला लागला. खांबाला धरून खाली बसले. पल्लवीला फोन केला तर तिने चांगलंच खडसावलं. पहिल्याच दिवशी पोतं उचललंस तर कंबर धरेल ना, मग इथे वेगळा न्याय कसा लावतेस? थोडं वाढव, अंगवळणी पडू दे, मग पुन्हा थोडं. चक्कर आली की थांबायचं. मी लहान मुलीसारखं हो हो म्हणाले.

मी मराठी शिकवते, त्यामुळे शब्द सापडला की मला करमत नाही. त्या हिवाळ्यात मला 'दम' सापडला होता. पाय दुखले तरी आपण दमलो म्हणतो. हिशेब करून डोकं शिणलं तरी दमलो. सगळा थकवा आपल्या भाषेने श्वासाच्या नावावर टाकलेला आहे. घाई करणाऱ्याला आपण दम धर म्हणतो, पोराला रागावतो तेव्हा दम देतो. वर्गात मी फळ्यावर मोठ्ठा दम लिहिला आणि मुलांना वाक्यं करायला सांगितली, तर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमची आजी बिर्याणीला दम देते." सगळा वर्ग हसला, आणि मी हसले ती सगळ्यात शेवटपर्यंत.

फरक कधी पडला, ते सांगता येत नाही. कळला मात्र शिवनेरीवर. आठवीची सहल होती. दरवर्षी मी पहिल्या दरवाज्याशी मुलांना पुढे सोडायचे आणि मागे गळाठलेल्यांना गोळा करत चढायचे, कारण मीच गळाठलेली असायचे. त्या वर्षी मुलं प्रश्न विचारत होती आणि मी उत्तरं देत होते. ह्या दरवाज्याला हत्तीने धडक देऊ नये म्हणून काय केलंय, पाण्याची टाकी कुणी खोदली, लेणी आधीची की किल्ला. बोलता बोलता वर पोचलो. खाली जुन्नरची घरं उन्हात पसरली होती, पलीकडे धुक्यातून डोंगरांची डोकी वर आलेली. आमचे गणिताचे सर मागून धापा टाकत आले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही थांबला नाहीत कुठंच?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी थांबले नव्हते. आणि आणखी एक. श्वास जोरात चालूच होता, तो काही नाहीसा झाला नव्हता, पण त्याची भीती उरली नव्हती. मांड्याही माझ्याच होत्या, दगडाच्या नव्हत्या. मी बाजूला जाऊन पल्लवीला फोन लावला. मी बोलायच्या आधी तीच म्हणाली, "वहिनी, वारा ऐकू येतोय. वर आहेस का?"

मैदानावरही चित्र पालटलं. रोज दुपारी आम्ही कालव्याच्या भरावावरून पळत जायचो आणि येऊन खेळायचो. मंगलच्या पकडीत सापडलं की सुटका नसे. ती कंबरेला मिठी मारायची तेव्हा गिरणीतल्या गरम पिठाचा वास यायचा आणि छाती आवळली जायची. आधी त्या मिठीतच माझा आवाज बंद पडायचा. आता तिच्या हातांच्या विळख्यातही एक एक "कबड्डी" बाहेर पडत होतं.

एकदा तिने मला सोडून दिलं आणि म्हणाली, "तू बोलती कशी गं अजून? मी तर पार पिळून काढली तुला."

यात्रेच्या दिवशी सकाळी पल्लवीने मला चकती थोडी ढिली करून पाच-सहा मिनिटं ओढायला लावलं, गाडी तापवावी तसं. मग आम्ही सगळ्या ट्रॅक पॅन्ट आणि जुन्नरहून शिवून आणलेले एकसारखे भगवे शर्ट घालून घरोघरून निघालो. कुणाची सासू दारात उभी, कुणाचा नवरा फोटो काढतोय. पाळणे, रेवड्यांची दुकानं, फुगे, शेंगदाण्याच्या भट्ट्यांचा धूर. आखाड्याभोवती माणूस मावत नव्हतं. कुस्ती बघायला आलेले पैलवान पुढे मांडी घालून बसले होते, त्यांच्या मागे टोप्या, आणि पार मागे, ट्रॉल्यांवर आणि घरांच्या गच्च्यांवर, बायका. एवढ्या बायका मी आखाड्याशी कधी बघितल्या नव्हत्या.

घोडेगावचा संघ निळ्या शर्टात आला. रेखाने गुडघ्याला पट्टी बांधली होती. माझ्याकडे बघून तिने फक्त कानाला हात लावला. ऐकतेय, असं.

माझी पहिली चढाई फुकट गेली. दम होता, अक्कल नव्हती. एवढ्या लोकांपुढे पाय भरभर पडले, मी सरळ कोपऱ्यात घुसले आणि रेखाने घोटा धरून मला अलगद बसवलं. गर्दीतून हशा आला. कडेला बसताना मला नाना दिसले. ते हसत नव्हते, ते घड्याळ बघत होते, आणि ते मला जास्त लागलं.

मंगलने सामना धरून ठेवला. पहिल्या डावात घोडेगावच्या दोन पोरी तिच्या मिठीत गेल्या त्या उठल्याच नाहीत. तिची एक एक पकड झाली की मागच्या गच्चीवरून बायकांचा आवाज उठायचा, आधी दबका, मग मोकळा. तिच्या एका पकडीने मी परत आत आले. मध्यंतराला आम्ही थोड्या मागे होतो.

दुसऱ्या डावाची एक चढाई मी कधी विसरणार नाही. आम्ही तिघीच उरलो होतो, समोर त्या सहा. मी मधली रेषा ओलांडली. घाई करायची नाही, एवढंच मनाशी. डावीकडे गेले, परत मध्ये आले, उजवीकडे पाय टाकून बघितला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. रेखा वाकून उभी होती, हात पसरलेले, मान किंचित वाकडी. ती माझ्या पायांकडे बघतच नव्हती. ती वाट बघत होती आवाज बारीक व्हायची.

आवाज बारीक होत नव्हता. मला स्वतःला तो वेगळा ऐकू येत होता, दुसऱ्याच कुणाचा असावा असा, खालून, पोटातून येणारा, एका जाडीचा. बरगड्यांच्या खाली ती कष्टकरी माणसं काम करत होती. मी बोनसची रेषा ओलांडली, परत आले. रेखाच्या कपाळाला आठी पडली. तिने एकदा पाऊल उचललं, मागे घेतलं. चढाईची वेळ संपत आली होती आणि ती अजून ऐकतच होती. शेवटी तिचा धीर सुटला. ती झेपावली, घोट्याला हात लागला, आणि त्याच क्षणी आणखी दोघी माझ्या कंबरेवर.

मी आडवी पडले. तोंडात माती. पाठीवर दोन बाया, घोट्याला रेखा. पंच कान माझ्या तोंडापाशी आणून वाकले होते. कबड्डी, म्हणाले मी. छातीवर एवढं ओझं असताना आवाज निघतो कसा, मला कळत नव्हतं, पण निघत होता. कबड्डी. कोपर पुढे टाकलं. कबड्डी. मांडी ओढली. पाय शिल्लक होते, हे मला त्या क्षणी स्पष्ट जाणवलं. दुसऱ्या डावात इतका वेळ खेळूनही पाय माझं ऐकत होते. कबड्डी. हात लांब केला आणि बोटांच्या टोकाखाली फक्कीची भुकटी लागली.

शिट्टी वाजली. पंचांनी तीन बोटं वर केली, तिघी बाद, आणि बोनसचा एक गुण वर.

मग काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मंगल आरडतेय. पैलवान उठून उभे राहिलेत. गच्चीवरून बायका ताटं वाजवताहेत, कुणी आणली होती ताटं कोण जाणे. आम्ही पुढे गेलो, त्यांनी गाठलं, शेवटच्या मिनिटात मंगलने एक पकड केली आणि आम्ही दोन गुणांनी जिंकलो. रेखा आखाड्यात उताणी पडून हसत होती.

"सुजे, काय खाल्लंस तू?" ती पडल्या पडल्याच म्हणाली. "मी कान लावून बसले, बसले, बसले. तुझा दम संपंना."

मी तिच्या शेजारी बसले आणि तिला श्वासाच्या स्नायूंचं सगळं सांगायला लागले, निळ्या नळकांड्यापासून. तिने अर्धं ऐकलं. मग उठून बसली. "मी दिवसभर आरडून तिकिटं देते. संध्याकाळी माझ्या बरगड्या धरत्यात. तुझ्या नणंदेचा नंबर दे."

पल्लवी तिथेच होती. तिने रेखाला आधी तपासून घ्यायला सांगितलं आणि मग दोघी भर आखाड्यात उकिडव्या बसून बोलत राहिल्या.

आता मी ते नळकांडं रोज ओढत नाही. सोडलं की महिन्या-दोन महिन्यांत ढिलाई येते, हे मी अनुभवाने शिकलेय, म्हणून आठवड्यातून दोन-चारदा नाकाला चिमटा लावतेच. आत्यांना त्याचं काही वाटेनासं झालंय. पाहुणे आले तर त्याच सांगतात, "ती श्वासाची तालीम करती, थांबा वाईच." तालीम हा शब्द पल्लवीलाही सुचला नव्हता.

पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलंय. सामना संपला, नानांनी दोन्ही संघांना नारळ दिले, माझ्या हातात देताना फक्त "बरं खेळला" म्हणाले. लाऊडस्पीकरवरून आवाज आला, आता कुस्त्या सुरू होत आहेत, आखाडा मोकळा करावा. आखाडा मोकळा झाला नाही. गच्चीवरून, ट्रॉल्यांवरून बायका खाली उतरायला लागल्या होत्या. आधी तीन-चार, मग घोळका. चपला कडेला काढल्या, पदर कंबरेला खोचले, कुणी नऊवारीत, कुणी गाउनवर ओढणी घेऊन. एकीने कडेवरचं मूल शेजारच्या पैलवानाच्या मांडीवर ठेवलं, त्याला विचारलंही नाही. "आमाला बी खेळायचंय," एवढंच त्या म्हणत होत्या.

स्पीकरवाल्याने पुन्हा विनंती केली. नाना उठून त्याच्याजवळ गेले, कानात काहीतरी बोलले, आणि स्पीकर बंद झाला. पैलवानांनी एकमेकांकडे बघितलं आणि परत मांडी घातली.

संघ कुणी पाडले, कुणाला कळलं नाही. कुठलं गाव, कुठली आळी, काही राहिलं नव्हतं. समोर दहा-बारा जणी, आमच्या बाजूला तेवढ्याच, आणि नियम सांगायला पंच मागे मागे पळतायत. कुणीतरी माझं मनगट धरून ओढलं. रेखा. निळ्या शर्टावर सगळी माती. ती माझ्या बाजूला येऊन डाव्या कोपऱ्यात उभी राहिली, वीस वर्षांपूर्वी राहायची तशी, आणि माझ्या पाठीत एक धपका घातला.

"जा, पहिली चढाई तुझी," ती म्हणाली. "मी हाये हितं."

समोरच्या बायका हात धरून, हसत, साड्या सावरत पाय रोवून उभ्या होत्या. मी बरगड्या भरून श्वास घेतला आणि त्यांच्यात घुसले.